पत आणि पारख

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई–आग्रा आणि नाशिक–पुणे हे दोन मोठे रस्ते एकमेकांना भेटतात. मालाने भरलेल्या गाड्या येथून रात्रंदिवस जातात. त्या मालाबरोबर आणखी एक गोष्ट या रस्त्यांवरून पूर्वापार प्रवास करीत आली आहे, ती म्हणजे व्यापाऱ्याचे नाव. परगावची नवी पार्टी उधारीवर माल मागू लागली की जुना व्यापारी लगेच होकार देत नसे. तो दलालाकडे चौकशी करी, ट्रान्सपोर्टवाल्याला विचारी, त्या गावच्या एखाद्या नातेवाइकाकडे निरोप धाडी. प्रश्न एकच असे, "पार्टी कशी आहे?" उत्तरही मोजक्या शब्दांत येई. "देणे चोख आहे." "हात जरा आखडता आहे." "पहिल्या खेपेला रोखच घ्या." एवढ्या शब्दांवर हजारोंचा व्यवहार ठरे किंवा मोडे.

हाच प्रश्न आज मोबाइलच्या पडद्याला विचारला जातो, आणि पडदा शब्दांऐवजी आकडा देतो.

दिवाळीच्या सुमारास व्यापारी घरांत घडू शकेल असा एक प्रसंग कल्पावा. वहीपूजनासाठी चांदीचे जुने रुपये हवे आहेत. नातू ऑनलाइन लिलावात राणीछाप रुपयांचा एक संच शोधून काढतो आणि उत्साहाने म्हणतो, "आजोबा, विक्रेता पक्का आहे. चारशे बारा अभिप्राय, आणि शंभर टक्के चांगले!" आजोबा चष्मा पुसत विचारतात, "शंभर टक्के कोणी दिले? कशासाठी दिले? आणि देणाऱ्याला चांदी कळत होती का?"

आजोबांना संगणक येत नसेल. पण त्यांचे तिन्ही प्रश्न अचूक आहेत. विक्रेत्याच्या गुणांकनाचे सारे मर्म त्यांत आले आहे.

डोळ्यांसमोरचा लिलाव आणि पडद्यावरचा लिलाव

नाशिक जिल्ह्याला लिलाव शिकवावा लागत नाही. लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. तेथे कांद्याने भरलेली वाहने ओळीने उभी राहतात, व्यापारी कांदा हातात घेऊन पाहतात, त्याचा आकार, रंग, सुकवण आणि ओल जोखतात, आणि मगच बोली बोलतात. माल समोर असतो, विकणारा समोर असतो, बोली लावणारा परवानाधारक असतो आणि समितीचा माणूस साक्षीला असतो. फसवणुकीला तेथेही वाव असतो. पण निदान कोणती वस्तू घेतली जात आहे हे डोळ्यांना दिसते.

पडद्यावरच्या लिलावात यांपैकी काहीच नसते. वस्तूऐवजी छायाचित्र असते, विक्रेत्याऐवजी एक टोपणनाव असते, आणि इतर बोली लावणारे कोण आहेत हे कळण्याचा मार्ग नसतो. ही उणीव भरून काढण्यासाठी अभिप्रायांची पद्धत जन्मास आली.

अमेरिकेत पियरे ओमिड्यार यांनी सप्टेंबर १९९५ मध्ये जे संकेतस्थळ सुरू केले, तेच पुढे ईबे म्हणून ओळखले जाऊ लागले. अनोळखी माणसे एकमेकांना पैसे आणि वस्तू पाठवू लागली तशा तक्रारीही येऊ लागल्या. प्रत्येक तक्रारीचा निवाडा करणे अशक्य होते, म्हणून १९९६ च्या आरंभी त्यांनी ग्राहक आणि विक्रेता यांनाच एकमेकांविषयी उघडपणे लिहिण्याची सोय करून दिली. भारतात ही रीत 'बाझी डॉट कॉम' या मुंबईच्या संकेतस्थळाने रुळवली. ते २००० साली सुरू झाले, २००४ मध्ये ईबेने विकत घेतले, आणि 'ईबे इंडिया' या नावाने ऑगस्ट २०१८ पर्यंत चालले. ते दुकान बंद झाले, तरी रीत राहिली. आज नाणी, टपाल तिकिटे, घड्याळे, जुनी यंत्रे अशा कितीतरी वस्तूंचे लिलाव ऑनलाइन होतात, आणि बहुतेक ठिकाणी विक्रेत्याच्या नावापुढे तारे, टक्के किंवा गुण लिहिलेले असतात.

आकडा कसा बनतो

ईबेची पद्धत समजली की इतरांची समजणे सोपे जाते. तेथे चांगल्या अभिप्रायाला अधिक एक, वाईटाला उणे एक आणि तटस्थाला शून्य गुण मिळतो. या बेरजेचा आकडा विक्रेत्याच्या नावापुढे दिसतो. दहा गुण झाले की पिवळा तारा मिळतो, पन्नासला निळा, शंभरला फिरोजी, पाचशेला जांभळा आणि हजाराला लाल. म्हणजे ताऱ्याचा रंग विक्रेत्याने किती व्यवहार केले ते सांगतो. व्यवहार किती चांगले केले, ते तो सांगत नाही.

त्यासाठी टक्केवारी असते, आणि ती फक्त गेल्या बारा महिन्यांतल्या चांगल्या व वाईट अभिप्रायांवर काढली जाते. तटस्थ अभिप्राय तिच्यात धरले जात नाहीत. त्यामुळे "वस्तू बरी होती, पण वर्णनाइतकी नव्हती" असे दहा जणांनी तटस्थपणे लिहिले, तरी टक्केवारी शंभरच राहते. वर्षापूर्वीचा गोंधळही तिच्यात दिसत नाही. व्यापाऱ्याला हे नवे नाही. ताळेबंदातील नफ्याचा आकडा आणि त्यामागची खाती यांत जे अंतर असते, तेच येथेही असते. आकडा पाहून समाधान न मानता खाते उघडून वाचणे हाच उपाय.

सगळेच चांगले कसे?

पॉल रेस्निक आणि रिचर्ड झेकहाउसर या अमेरिकी अभ्यासकांनी १९९९ मधले ईबेवरील व्यवहार तपासून २००२ मध्ये एक प्रसिद्ध अभ्यास मांडला. त्यात आढळले की सुमारे ५२ टक्के व्यवहारांतच ग्राहकाने विक्रेत्याविषयी काही लिहिले होते. जे लिहिले गेले त्यात ९९.१ टक्के चांगले होते, तटस्थ ०.३ टक्के आणि वाईट अवघे ०.६ टक्के.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की जवळजवळ निम्मे ग्राहक गप्प राहतात, आणि त्या मौनात नाराजीही लपलेली असते. नाराज माणूस पुष्कळदा भांडत नाही. तो फक्त परत येत नाही. दुकानदाराला हा अनुभव रोजचा आहे.

दुसरी गोष्ट टक्क्यांच्या अर्थाविषयी आहे. शाळेत ९८ टक्के मिळाले तर घरात पेढे वाटले जातात. येथे ९८ टक्क्यांचा अर्थ हजारात वीस वाईट अभिप्राय. त्या अभ्यासातले सर्वसाधारण प्रमाण हजारात सहा होते. म्हणजे ९८ टक्क्यांचा विक्रेता नेहमीच्या प्रमाणापेक्षा तिपटीहून अधिक तक्रारी ओढवून घेणारा ठरतो. जेथे बहुतेक सर्वांना नव्व्याण्णव मिळतात, तेथे खरे अंतर दशांशाच्या पुढे असते.

वाईट लिहिण्यास लोक कचरत, याला आणखी एक कारण होते. पूर्वी विक्रेताही ग्राहकाला वाईट शेरा देऊ शकत असे. "तू मला उणे दिलेस, तर मी तुला उणे देईन," ही अबोल धमकी प्रत्येक व्यवहारामागे उभी असे. म्हणून २००८ मध्ये ईबेने विक्रेत्यांचा वाईट शेरा देण्याचा अधिकार काढून घेतला. भीती कमी झाली, पण भिडस्तपणा गेला नाही. विक्रेत्याने अर्धे पैसे परत करून "आता चांगले लिहा" अशी विनंती केली, तर पुष्कळ जण लिहितात.

तरीही पत व्यर्थ नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जुन्या पोस्टकार्डांच्या एका नामांकित विक्रेत्याने सारख्याच तोलाची कार्डे कधी आपल्या जुन्या नावाने, तर कधी नव्या, अपरिचित नावांनी विकली. जुन्या नावाला ग्राहक सरासरी ८.१ टक्के अधिक देण्यास तयार होते. पतीला बाजारात भाव आहे हे त्यातून सिद्ध झाले. आणि ज्याला भाव आहे, त्याची नक्कल होणारच.

पत कमावण्याची आणि खर्चून टाकण्याची युक्ती

द्राक्षांच्या हंगामात नाशिकच्या शेतकऱ्याला एका जातीच्या ठकाची ओळख झालेली आहे. बाहेरून आलेला व्यापारी पहिल्या दोन-तीन गाड्यांचे पैसे रोख देतो, वेळेआधी देतो, वर चहापाणीही करतो. गावात त्याचे नाव होते. मग एके दिवशी तो सगळ्या बागा उधारीवर उचलतो आणि दिसेनासा होतो. त्याने पत कमावलेली नसते; एका मोठ्या चोरीसाठी लागणारे भांडवल म्हणून ती विकत घेतलेली असते.

पडद्यावरही हेच घडते. एखादे नवे नाव दोन महिन्यांत वीस-तीस रुपयांची तीनशे टपाल तिकिटे विकते. प्रत्येक ग्राहक खूश होतो, कारण एवढ्या रकमेत नाखूश होण्यासारखे काही नसते. गुण तीनशे, टक्के शंभर. त्यानंतर तेच नाव पन्नास हजारांचे नाणे लिलावात मांडते. तिकिटांवर मिळवलेली पत नाण्याला लागू पडत नाही. पण आकड्यात हा भेद दिसत नाही. म्हणून अभिप्राय कोणत्या मालावर, कोणत्या किमतीच्या व्यवहारात आणि किती काळात मिळाले, हे पाहणे अत्यंत आवश्यक ठरते.

दुसरी युक्ती संगनमताची. मित्रमंडळी एकमेकांचे ग्राहक बनून एकमेकांना चांगले लिहितात आणि एकमेकांच्या वस्तूंवर खोट्या बोली लावून किंमत चढवतात. २००० साली अमेरिकेत एका वकिलाने ईबेवर एक चित्र मांडले. ते रिचर्ड डीबेनकॉर्न या विख्यात चित्रकाराचे असावे असा भास वर्णनातून आणि चित्रावरील आद्याक्षरांतून निर्माण केला होता. बोली १,३५,८०५ डॉलरपर्यंत गेली. विक्रेत्याने दुसऱ्या नावाने स्वतःच बोली लावल्याचे उघड झाले, ईबेने व्यवहार रद्द केला, आणि पुढे त्याला न्यायालयात गुन्हा कबूल करावा लागला. त्याच्या साथीदारांच्या टोळीने अशा कितीतरी लिलावांत एकमेकांसाठी बोली लावल्या होत्या. चढती बोली पाहून "इतके लोक मागे लागले आहेत, म्हणजे वस्तू खरी असणार" असे मानणे किती धोक्याचे आहे, ते यावरून दिसते.

पारख कोणाची?

आता आजोबांच्या तिसऱ्या प्रश्नाकडे यावे. देणाऱ्याला चांदी कळत होती का?

अभिप्राय देणारा ग्राहक काही गोष्टी निश्चित सांगू शकतो. पार्सल वेळेवर आले का, बांधणी नीट होती का, विक्रेत्याने उत्तर दिले का, बिघाड निघाल्यावर पैसे परत केले का. ही विक्रेत्याची वागणूक झाली, आणि ती प्रत्येकाला कळते. वस्तू अस्सल आहे की नक्कल, हे मात्र जाणकारालाच कळते. ज्याला नकली नाणे खरे वाटले, तो आनंदाने पाच तारे देतो. फसवणूक जितकी सफाईदार, तितका अभिप्राय गोड. ज्या फसवणुकीचा ग्राहकाला कधी पत्ताच लागत नाही, ती गुणांकनात यशस्वी व्यवहार म्हणून नोंदली जाते.

पत आणि पारख या दोन वेगळ्या वस्तू आहेत. गुणांकन पतीविषयी थोडेफार सांगते. पारखीविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. ती घेणाऱ्यालाच करावी लागते.

राणीछाप रुपयाच्या बाबतीत ही पारख करण्याचे पहिले साधन सराफी घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्या रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. हाच आपला तोळा. त्यात चांदी ९१.७ टक्के असे. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. म्हणून विक्रेत्याकडे नाणे काट्यावर ठेवलेले छायाचित्र मागावे, दोन्ही बाजू आणि कड स्पष्ट दिसेल अशी चित्रे मागावीत. वजन बरोबर आले म्हणजे नाणे अस्सल, असे नव्हे. पण वजनात फरक असेल तर पुढे जाण्याचे कारणच उरत नाही. झिजलेल्या नाण्याचे वजन थोडे कमी भरते, हे मात्र ध्यानी असावे. १९३९ च्या रुपयासारखे दुर्मीळ नाणे असेल, तर तज्ज्ञाच्या मताशिवाय बोली लावू नये. नाशिककरांचे भाग्य असे की त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरीला १९८० साली स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आणि तिचे संग्रहालय आहे. अस्सल नाणे डोळ्यांत बसवून घेण्यासाठी मुलांना तेथे एकदा नेणे हा उत्तम धडा ठरेल.

जैन कुटुंबांच्या दृष्टीने याहून नाजूक प्रश्न मूर्ती आणि पोथ्यांचा आहे. जुन्या धातुप्रतिमा आणि हस्तलिखित ग्रंथही लिलावात दिसतात, आणि श्रद्धेपोटी "बाहेर जाण्यापेक्षा आपल्या घरी आलेली बरी" असे वाटते. परंतु ती प्रतिमा कोणत्या मंदिरातून, कशी बाहेर पडली, हे कोणताही तारा सांगत नाही. पुरावशेष व कलामूल्य वस्तू कायदा, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित यांना पुरावशेषाचा दर्जा मिळतो. त्यांच्या व्यापारास परवाना लागतो, आणि मूर्ती, चित्रे व सचित्र हस्तलिखिते यांची नोंदणी आवश्यक असते. नोंदणीचा दाखला नसेल, तर विक्रेत्याचे गुण शंभर असोत की हजार, हात आखडता घेणे हेच श्रेयस्कर. तत्त्वार्थसूत्राने अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत 'तदाहृतादान', म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणे, हे स्पष्टपणे गणले आहे.

दोन विक्रेते : एक काल्पनिक तुलना

आता नातवाने शोधलेल्या विक्रेत्याशेजारी दुसरा एक विक्रेता ठेवून पाहावा. पहिल्याचे गुण ४१२ आणि टक्के १००. दुसऱ्याचे गुण २,९६० आणि टक्के ९८.९. पहिली नजर पहिल्यावर जाईल. आता दोघांची खाती उघडावीत.

पहिल्याचे जवळजवळ सर्व अभिप्राय गेल्या तीन महिन्यांतले, किरकोळ किमतीच्या टपाल तिकिटांवरचे आणि "छान, धन्यवाद" अशा एकाच साच्याचे. चांदीच्या नाण्याचा एकही व्यवहार नाही. वस्तू परत घेण्याची अट नाही.

दुसऱ्याला वर्षभरात ८९० चांगले आणि १० वाईट अभिप्राय मिळाले आहेत. त्या दहांपैकी सात पार्सलच्या विलंबाविषयी, दोन बांधणीविषयी आणि एक वजनाविषयी. वजनाच्या तक्रारीखाली विक्रेत्याने लिहिले आहे की नाणे परत मागवून पूर्ण रक्कम दिली, आणि ग्राहकाने नंतर त्यास दुजोरा दिला आहे. चांगल्या अभिप्रायांत तेच ते ग्राहक वर्षानुवर्षे परत आलेले दिसतात आणि ते नाण्याचे वर्ष, टांकसाळ यांचा उल्लेख करून लिहितात.

जुना व्यापारी दुसऱ्याची निवड करील. ज्याच्याकडून कधी चूक झाली नाही असे दिसते, त्याच्यापेक्षा चूक झाल्यावर तो कसा वागला हे ज्याच्याविषयी कळते, तो अधिक भरवशाचा. मात्र त्या दहांपैकी तीन तक्रारी "नाणे नकली निघाले" अशा असत्या, तर ९८.९ काय किंवा ९९.७ काय, तेथे थांबलेच पाहिजे. विलंबाच्या दहा तक्रारी आणि नकलीपणाची एक तक्रार यांचे वजन एकाच काट्यावर करता येत नाही.

बोलीपूर्वी आणि बोलीनंतर

आपण जास्तीत जास्त किती देणार, तो आकडा लिलाव सुरू होण्याआधी कागदावर लिहून ठेवावा आणि त्यापुढे जाऊ नये. वाईट आणि तटस्थ अभिप्राय प्रथम वाचावेत. परतीची अट, पाठवण्याचा खर्च आणि विमा यांची लेखी स्पष्टता घ्यावी. नव्या विक्रेत्याकडून पहिली खरेदी लहान असावी. "पहिल्या खेपेला रोख" या जुन्या सल्ल्याचेच हे उलटे रूप.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे व्यवहार संकेतस्थळाबाहेर नेऊ नये. "येथे कमिशन जाते, थेट यूपीआयवर द्या, हजार रुपये कमी करतो" असा निरोप आला की समजावे, त्या क्षणी गुणांकनाचा आधार आणि संकेतस्थळाचे संरक्षण दोन्ही संपले. जुन्या नोटा-नाण्यांना लाखोंचा भाव देतो असे सांगून आधी 'शुल्क' मागणारेही पुष्कळ आहेत. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून असे कमिशन किंवा शुल्क मागितले जात असल्याने, आपला अशा व्यवहारांशी काहीही संबंध नाही, असा इशारा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता.

पार्सल उघडताना सलग चित्रफीत काढावी आणि लिलावाचे पान, वर्णन, संदेश जपून ठेवावेत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिन्याभरात निवारण करावे, असे बंधन आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पैशांची उघड फसवणूक झाली असेल, तर विलंब न करता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, त्यामुळे नाशिकच्या ग्राहकाला विक्रेत्याच्या गावी हेलपाटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची आहे. विक्रेता परदेशातला असेल, तर हे सारे कागदावर सोपे आणि प्रत्यक्षात अवघड ठरते, हे लक्षात ठेवावे.

व्यापारी कुटुंबांनी येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. हा कायदा पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी हेतूने वस्तू घेणाऱ्यास सर्वसाधारणपणे 'ग्राहक' मानत नाही. वहीपूजनासाठी घरात घेतलेला रुपया आणि दुकानात विकण्यासाठी घेतलेले शंभर रुपये, यांना कायद्याचे छत्र सारखे नाही. पेढीच्या नावाने बिल घेताना याचा विचार असावा.

काट्याची दुसरी बाजू

आजचा ग्राहक उद्याचा विक्रेता असतो. पुष्कळ घरांतली तरुण पिढी ऑनलाइन विक्री करू लागली आहे. "सुरुवातीला पाच-पन्नास अभिप्राय नातेवाइकांकडून लिहून घे" हा सल्ला तिला सहज मिळतो आणि निरुपद्रवी वाटतो. वरच्या नियमांनी विक्रेत्याला ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिण्यास मनाई केली आहे, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी 'आयएस १९०००' हे मानकही आणले. पण या समाजाला हे सांगण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागली नव्हती. सत्याणुव्रताच्या अतिचारांत 'कूटलेखक्रिया', म्हणजे खोटा लेख करणे, आणि अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार', म्हणजे अस्सलाच्या जागी नक्कल देणे, हे दोष शतकानुशतके शिकवले गेले आहेत. विकत घेतलेला अभिप्राय हा पहिला दोष, आणि त्याच्या आडून विकलेले नकली नाणे हा दुसरा.

त्याच न्यायाने खरा अभिप्राय लिहिणे हेही कर्तव्य ठरते. चांगल्या विक्रेत्याविषयी दोन ओळी आणि वाईट अनुभवाविषयी राग न ठेवता, वस्तुस्थितीला धरून चार ओळी. गप्प बसलेल्या निम्म्या ग्राहकांत आपण असू, तर पुढच्या माणसाच्या फसवणुकीत आपल्या मौनाचाही थोडा वाटा असतो.

ज्या अंजनेरीत नाण्यांची संस्था आहे, तेथेच जुनी जैन मंदिरे आहेत, आणि त्यांतील एका शिलालेखावर शके १०६३ चा काळ कोरलेला आहे. चंद्रप्रभ तीर्थंकरांच्या मंदिरासाठी वत्सराज नावाच्या व्यापाऱ्याने एक दुकान आणि एक घर दिल्याची नोंद त्यात आढळते. त्या व्यापाऱ्याचे नाव आज जवळजवळ नऊशे वर्षे त्या दगडावर आहे. पडद्यावरचे नाव एका संध्याकाळी घेता येते आणि दुसऱ्या संध्याकाळी टाकून देता येते. म्हणून त्या नावापुढचा आकडा वाचताना घाई करू नये.

कल्पनेतल्या त्या घरात नातवाने अखेर पहिल्या विक्रेत्याला एवढेच लिहिले, "नाणी काट्यावर ठेवून छायाचित्र पाठवा." दोन दिवस उत्तर आले नाही. आजोबा म्हणाले, "बेटा, हाच त्याचा खरा अभिप्राय."